जावास्क्रिप्टचं कमांड-लाइन टूल: प्रत्येक कमांडला स्वतःची फाइल

आमच्या टीममध्ये रोजच्या वापराचं एक छोटं टूल होतं, नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, लिहिलेलं. नोंदी जोडायच्या, शोधायच्या, जुन्या काढून टाकायच्या, दुसऱ्या फाइलमधून आयात करायच्या, एवढंच त्याचं काम. सगळा कोड एकाच फाइलमध्ये आणि मधोमध एक लांबलचक स्विच. आयात करण्याआधी काय होणार ते नुसतं बघता यावं म्हणून आयात कमांडला --ड्राय-रन हा ऑप्शन दिलेला होता. एके दिवशी एका सहकाऱ्याने तोच ऑप्शन काढ कमांडला लावला. कोणत्या नोंदी जाणार त्यांची यादी दिसेल, ही त्याची अपेक्षा अगदी रास्त होती. टूलने कसलीही तक्रार केली नाही आणि नोंदी खरोखरच पुसून टाकल्या.

नंतर कोड उघडून बघितला तेव्हा कारण लगेच सापडलं. सगळ्या कमांड्सचे ऑप्शन्स फाइलच्या सुरुवातीला एकाच यादीत लिहिलेले होते. ड्राय-रन त्या यादीत होता, म्हणून पार्सरने, म्हणजे टाइप केलेल्या शब्दांतून ऑप्शन्स ओळखणाऱ्या कोडने, तो बिनदिक्कत स्वीकारला. काढ कमांडच्या कोडने मात्र त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. चूक कुठल्या एका ओळीत नव्हती, मांडणीत होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळते: कमांडने स्वतःबद्दलचं सगळं स्वतःजवळ ठेवायचं आणि इतर कमांड्सबद्दल तिला काहीही माहीत नसावं. हा नियम पाळून टूल पहिल्यापासून कसं उभं करायचं ते इथे सांगते. तुम्हाला जावास्क्रिप्टची फंक्शन्स, ऑब्जेक्ट्स आणि असिंक-अवेट ओळखीचे आहेत, एवढं गृहीत धरलं आहे. उदाहरणाच्या टूलचं नाव टिपण, आणि त्याच्या कमांड्स जोड, यादी, शोध, काढ आणि आयात. लेखात सगळी नावं देवनागरीत आहेत. कोड टाइप करताना नोडचे आणि एनपीएमचे (नोडसोबत येणाऱ्या पॅकेज मॅनेजरचे) शब्द अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगमध्ये लिहायचे.

पायरी १: आधी फोल्डर आखून घ्या

नोडची २० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. पुढे लागणारा पार्सर आणि टेस्ट रनर हे दोन्ही त्या आवृत्तीपासून स्थिर झाले आहेत, त्यामुळे बाहेरचं एकही पॅकेज न घेता काम भागतं. एनपीएम इनिट करून पॅकेज-जेसन तयार झाली की तिच्यात टाइप या फील्डची किंमत मॉड्यूल ठेवा, म्हणजे इम्पोर्ट-एक्सपोर्ट सरळ वापरता येतील. मग फोल्डरची रचना अशी करा:

टिपण/
  पॅकेज.जेसन
  बिन/टिपण.जेएस
  कमांड्स/जोड.जेएस
  कमांड्स/यादी.जेएस
  कमांड्स/शोध.जेएस
  कमांड्स/काढ.जेएस
  कमांड्स/आयात.जेएस
  गाभा/साठा.जेएस
  गाभा/चुका.जेएस
  नोंदवही.जेएस
  टेस्ट/

बिन फोल्डरमधली फाइल म्हणजे टूलचं दार. तिची पहिली ओळ शबँगची: हॅश, उद्गारचिन्ह आणि पुढे एन्व्हमार्फत नोड शोधायची सूचना. पॅकेज-जेसनमधल्या बिन फील्डमध्ये टिपण हे नाव या फाइलला जोडायचं आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एनपीएम लिंक चालवायचं. आता टर्मिनलमध्ये कुठूनही टिपण असं टाइप केलं की तुमची फाइल चालते. विंडोजला शबँग कळत नाही, पण तिथे एनपीएम त्याच नावाची एक छोटी आवरण-फाइल आपोआप बनवतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही.

दाराच्या फाइलमध्ये पन्नास-साठ ओळींपेक्षा जास्त कोड साठू लागला, तर कुठल्या तरी कमांडचं काम तिथे घुसलं आहे असं खुशाल समजा.

पायरी २: कमांडचा करार ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा, बाकीची मांडणी याच्यावरच उभी राहते. प्रत्येक कमांडची फाइल एकच ऑब्जेक्ट डीफॉल्ट एक्सपोर्ट करेल. त्यात चार गोष्टी: एका ओळीचं वर्णन, वापर कसा करायचा त्याचा नमुना, ऑप्शन्सची यादी आणि रन नावाचं असिंक फंक्शन. काढ कमांडची फाइल शब्दांत सांगायची तर अशी:

वर्णन: दिलेल्या क्रमांकाच्या नोंदी काढून टाकते
वापर: टिपण काढ <क्रमांक...> [--ड्राय-रन]
ऑप्शन्स: ड्राय-रन, प्रकार बूलियन
रन: क्रमांक घेते, साठ्यातून नोंदी शोधते, ड्राय-रन असेल तर फक्त छापते, नसेल तर पुसते

रनला दोन आर्ग्युमेंट्स द्या. पहिलं म्हणजे वापरणाऱ्याने काय मागितलं ते: ऑप्शन्सच्या किमती आणि मोकळे शब्द. दुसऱ्याला मी संदर्भ म्हणते. बाहेरच्या जगाशी कमांडचा जो संबंध येतो तो सगळा या संदर्भातून यावा: आउटपुट लिहिण्याचं फंक्शन, एररचं आउटपुट, नोंदींचा साठा, चालू फोल्डरचा पाथ, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, हवं तर आत्ताची वेळ देणारं फंक्शनही. नवख्यांना हा वाढीव व्याप वाटतो, कारण कन्सोल-लॉग तर कुठूनही करता येतं. पण संदर्भ बाहेरून आला की टेस्टमध्ये खऱ्या साठ्याऐवजी मेमरीतला साठा देता येतो, खऱ्या टर्मिनलऐवजी एक साधा ॲरे देता येतो, आणि काढ कमांडची टेस्ट कुणाच्याही खऱ्या नोंदींना हात न लावता चालते.

या कराराची दुसरी बाजू म्हणजे कमांडने काय करायचं नाही. तीन गोष्टी मी कटाक्षाने टाळते.

कमांडने प्रोसेस-आर्गव्ही स्वतः वाचायचं नाही. ते वाचलं की कमांडला टर्मिनलवर नेमकं काय टाइप झालं ते कळतं, आणि दुसऱ्या कोडमधून तिला बोलावणं अशक्य होऊन बसतं.

कमांडने प्रोसेस-एक्झिट बोलवायचं नाही. ते फंक्शन नोडला जागच्या जागी थांबवतं. काही प्लॅटफॉर्मवर पाइपमध्ये जाणारं आउटपुट असिंक्रोनस पद्धतीने लिहिलं जातं. तिथे ते पूर्ण लिहून होण्याआधीच प्रोसेस मरतो. यादी कमांड टर्मिनलवर बरोबर दिसते, पण दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाइप केली की शेवटच्या ओळी गायब, असा हा त्रास असतो आणि तो शोधायला फार वेळ जातो. त्याऐवजी रनने एक आकडा (एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की नाही ते सांगणारा; ० म्हणजे जमलं) परत द्यावा आणि दाराच्या फाइलने तो प्रोसेस-एक्झिटकोडमध्ये ठेवावा. मग नोड हातातलं काम संपवून त्या कोडसह बाहेर पडतं.

आणि एका कमांडने दुसरी कमांड इम्पोर्ट करायची नाही. हा मोह नक्की होतो. काढला नोंदी शोधायच्या असतात आणि शोध कमांड तर शेजारीच तयार असते. पण शोध कमांड नोंदी शोधते आणि छापतेही. काढमधून ती बोलावली की नको असलेलं आउटपुट पडद्यावर येतं. मग कुणीतरी शोधला शांत नावाचा छुपा ऑप्शन देतं, आणि दोन्ही कमांड्सच्या गाठी पुन्हा एकमेकींत अडकतात. शोधण्याचं मूळ काम गाभा फोल्डरमध्ये एका साध्या फंक्शनमध्ये काढा आणि दोन्ही कमांड्सनी ते वापरावं. बाण नेहमी एकाच दिशेने जायला हवेत: दार कमांडला ओळखतं, कमांड गाभ्याला ओळखते, आणि गाभा वरच्या कुणालाच ओळखत नाही.

पायरी ३: नोंदवही

आता दाराला कमांड सापडली पाहिजे. दोन रस्ते आहेत. एक, प्रोग्रॅम सुरू होताना कमांड्स फोल्डर वाचायचं आणि त्यातली प्रत्येक फाइल म्हणजे एक कमांड मानायची. दुसरा, एका फाइलमध्ये कमांड्सची यादी हाताने लिहायची.

पहिला रस्ता आकर्षक दिसतो: नवी फाइल टाकली की झालं. तरी मी दुसराच सुचवेन. फोल्डर वाचताना टेस्टच्या फाइल्स, एडिटरने ठेवलेल्या बॅकअप फाइल्स, अर्धवट लिहिलेले प्रयोग हे सगळं कमांड म्हणून आत येऊ शकतं, मग ते गाळायचे नियम लिहावे लागतात. विंडोजवर पूर्ण पाथ थेट इम्पोर्टला देता येत नाही, आधी त्याचा फाइल-यूआरएल करावा लागतो. पुढेमागे बंडलरने सगळा कोड एका फाइलमध्ये बांधलात तर वाचायला फोल्डरच उरत नाही. हाताने लिहिलेल्या यादीत कमांडमागे एक ओळ वाढते, पण टूलमध्ये काय काय आहे ते एका नजरेत दिसतं. नव्याने आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा हीच फाइल उघडायला सांगते.

ही यादी साध्या ऑब्जेक्टमध्ये न ठेवता मॅपमध्ये ठेवा. कारण बारीक आहे, पण खरं आहे. साध्या ऑब्जेक्टला प्रोटोटाइपकडून काही गुणधर्म वारशाने मिळतात. वापरणाऱ्याने कमांडच्या जागी कन्स्ट्रक्टर किंवा टूस्ट्रिंग हा शब्द टाइप केला, तर ऑब्जेक्टमध्ये शोधताना अनडिफाइंडऐवजी एक फंक्शन हाती लागतं, तुमचा कोड कमांड मिळाली असं समजून पुढे जातो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो. मॅपमध्ये तुम्ही घातलेलंच सापडतं.

मॅपमध्ये नावासमोर कमांड स्वतः ठेवू नका, ती आणून देणारं फंक्शन ठेवा. हे फंक्शन आत डायनॅमिक इम्पोर्ट करतं आणि प्रॉमिस परत देतं. त्यामुळे यादी चालवताना आयातची फाइल आणि तिला लागणारी जड मॉड्यूल्स लोडच होत नाहीत. कमांड-लाइन टूल दिवसातून शंभरदा सुरू होतं आणि दर वेळी शून्यापासून सुरू होतं. सुरुवातीचा प्रत्येक जादा इम्पोर्ट वापरणाऱ्याच्या बोटांना जाणवतो. मदतीचा मजकूर छापताना मात्र सगळ्या कमांड्स लोड कराव्या लागतात, कारण वर्णनं त्यांच्याजवळ आहेत. ते चालेल. मदत क्वचित मागितली जाते, आणि वर्णन दोन ठिकाणी लिहून ती एकमेकांशी जुळत नाहीत अशी वेळ येण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पायरी ४: ऑप्शन्स ज्याचे त्याच्याकडे

प्रोसेस-आर्गव्ही हा ॲरे असतो. त्यात पहिला घटक नोडचा पाथ, दुसरा तुमच्या फाइलचा पाथ आणि तिसऱ्यापासून पुढे वापरणाऱ्याने टाइप केलेले शब्द. म्हणून पहिले दोन सोडून द्यायचे. उरलेल्यातला पहिला शब्द म्हणजे कमांडचं नाव, बाकीचे त्या कमांडचे.

दार फक्त पहिला शब्द बघतं. तो --हेल्प किंवा --व्हर्जन असेल तर ते काम तिथेच उरकतं. कमांडचं नाव असेल तर नोंदवहीतून कमांड आणतं आणि मगच उरलेले शब्द नोडच्या यूटिल मॉड्यूलमधल्या पार्सआर्ग्ज या फंक्शनला देतं, त्या एका कमांडच्या ऑप्शन्सच्या यादीसह. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कमांड, मग पार्सिंग. आमच्या जुन्या टूलमध्ये तो उलटा होता आणि नोंदी गेल्या त्या त्याच्यामुळेच.

पार्सआर्ग्ज मुळातच कडक वागतं. यादीत नसलेला ऑप्शन दिसला की एरर फेकतं. ही कडक वृत्ती बंद करायची सोय आहे, पण ती वापरू नका. मोकळे शब्द, म्हणजे काढच्या पुढचे क्रमांक, तेही न सांगता स्वीकारत नाही. त्यासाठी अलाऊपोझिशनल्स ट्रू करावं लागतं. प्रकार दोनच मिळतात, बूलियन आणि स्ट्रिंग. आकडा हवा असेल तर स्ट्रिंग घेऊन कमांडनेच तो तपासायचा, आणि तपासताना नंबर फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगचा शून्य करतं हे लक्षात ठेवायचं. ऑप्शनची किंमत वजा चिन्हाने सुरू होत असेल, तर --मर्यादा -५ असं वेगवेगळं लिहिल्यावर पार्सर ते संदिग्ध ठरवतो; --मर्यादा=-५ असं जोडून लिहावं लागतं. मदतीच्या मजकुरात हे एका ओळीत सांगून टाका. मजकूरच डॅशने सुरू होत असेल तर आधी नुसते दोन डॅश द्यायचे, म्हणजे त्यापुढचं सगळं मोकळे शब्द धरलं जातं.

हेल्प हा ऑप्शन प्रत्येक कमांडला हवाच असतो. तो पाच फाइल्समध्ये पाचदा लिहू नका. पार्स करण्याआधी दाराने कमांडच्या यादीत तो मिसळावा. असे सामाईक ऑप्शन्स एक-दोनच ठेवा. ही यादी वाढू लागली की आपण पुन्हा जुन्या मांडणीकडे निघालो आहोत असं समजा.

पायरी ५: चुका एकाच जागी पकडा

गाभ्यातल्या चुका फाइलमध्ये वापरचूक नावाचा, एररपासून बनवलेला एक क्लास ठेवा. वापरणाऱ्याने क्रमांक दिला नाही, तारीख चुकवली, तर कमांड ही चूक फेकते. ट्राय-कॅच फक्त दाराशी. तिथे वापरचूक आली, किंवा पार्सआर्ग्जकडून एरर आली, की संदेश आणि त्या कमांडचा वापराचा नमुना एसटीडीएररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) छापायचा आणि एक्झिट कोड २ द्यायचा. दुसरी कुठलीही एरर आली तर कोड १. पूर्ण स्टॅक ट्रेस फक्त डीबग व्हेरिएबल लावलेलं असेल तेव्हाच दाखवा. साध्या टायपोसाठी बावीस ओळींचा ट्रेस अंगावर आला की नवा माणूस टूल मिटवून ठेवतो.

संदेश एसटीडीएररवर आणि खरं उत्तर एसटीडीआउटवर (नेहमीच्या आउटपुटवर), हा भेद सांभाळा. टिपण यादीचं आउटपुट कुणी फाइलमध्ये वळवलं, तर त्या फाइलमध्ये नोंदींखेरीज काही यायला नको. शोधमध्ये काहीच सापडलं नाही तर कोणता कोड द्यायचा हे आधीच ठरवा. मजकूर शोधणारा ग्रेप हा प्रोग्रॅम, सापडलं तर ०, नाही सापडलं तर १ आणि गडबड झाली तर २ देतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या हाताला ती पद्धत बसलेली आहे, शोधपुरती मीही तीच घेते.

अनोळखी कमांड आली तर जवळचं नाव सुचवा. दोन शब्दांमधलं अंतर मोजायची लेव्हेनश्टाइनची रीत १९६५ सालची आहे आणि वीसेक ओळींत लिहून होते. सुचवायचं फक्त, आपणहून ती कमांड चालवायची नाही. काढच्या बाबतीत हे किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको.

पोटकमांड्स लागल्या तर

गिटमध्ये रिमोट ॲड असतं, तसं टिपण लेबल जोड हवं असेल तर कमांड्समध्ये लेबल नावाचं फोल्डर करा आणि त्याला त्याची छोटी नोंदवही द्या. दार मोठ्या नोंदवहीत लेबल शोधतं आणि पुढचा शब्द छोट्या नोंदवहीकडे सोपवतं. एका पातळीच्या खाली जाऊ नका. चार शब्द टाइप केल्यावर जी कमांड चालते ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

कमांडर, यार्ग्ज, ओक्लिफ यांसारखी पॅकेजेस हे बरंचसं तयार देतात, आणि मदतीचा सुबक मजकूर किंवा शेलमधलं ऑटोकम्प्लीट हवं असेल तर ती जरूर घ्या. फक्त रनला त्या पॅकेजचा ऑब्जेक्ट देऊ नका. किमती, मोकळे शब्द आणि संदर्भ एवढंच द्या. मग पॅकेज बदलायचं झालं तर दार बदलतं, कमांड्स जशाच्या तशा राहतात.

पायरी ६: टेस्ट

नोडच्या स्वतःच्या टेस्ट रनरने, म्हणजे नोड --टेस्टने, काम भागतं. काढची टेस्ट अशी: मेमरीतल्या साठ्यात तीन नोंदी ठेवा, ड्राय-रन ट्रू देऊन रन बोलवा, आणि साठ्यात अजूनही तीनच नोंदी आहेत हे तपासा. टर्मिनल नाही, खरी फाइल नाही, काही मिलिसेकंदांत निकाल. याशिवाय एक-दोन टेस्ट अशा ठेवा ज्या चाइल्ड प्रोसेसने खरं टूल सुरू करून एक्झिट कोड बघतात. दाराची तपासणी त्यांच्यातून होते.

आणखी एक टेस्ट मात्र सोडू नका. गरजेपुरतं लोड करण्याची एक किंमत आहे: आयातच्या फाइलमध्ये सिंटॅक्सची चूक असली तरी यादी, शोध, जोड सगळं सुरळीत चालतं आणि चूक कुणीतरी आयात चालवेपर्यंत लपून राहते. म्हणून नोंदवहीतली प्रत्येक कमांड लोड करून तिच्यात वर्णन, वापर, ऑप्शन्स आणि रन आहेत का हे तपासणारी दहा ओळींची टेस्ट लिहा. माझी एक चूक या टेस्टने पकडली असती. फाइलचं नाव छोट्या अक्षरांत आणि इम्पोर्टमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल, असं मी लिहिलं होतं. मॅकवर ते चाललं, कारण तिथली फाइल सिस्टिम सहसा तो फरक मानत नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर ती एक कमांड मॉड्यूल सापडत नाही म्हणून बंद, आणि बाकीच्या चालू. ही टेस्ट लिनक्सवरही चालवत जा.

पॅकेज प्रकाशित करायचं असेल तर त्याआधी एनपीएम पॅक --ड्राय-रन चालवून पॅकेजमध्ये कोणत्या फाइल्स जाणार ते वाचा. पॅकेज-जेसनमधल्या फाइल्स या यादीत बिन लिहिलं आणि कमांड्स किंवा गाभा लिहायचं राहिलं, तर तुमच्या मशीनवर सगळं ठीक असतं आणि इन्स्टॉल करणाऱ्याकडे एकही कमांड चालत नाही.

जुनं टूल नव्या मांडणीत आणताना सगळं एकदम हलवू नका. आधी दार आणि नोंदवही उभी करा, जुना स्विच जिवंत ठेवा, आणि नोंदवहीत न सापडलेली कमांड त्याच्याकडे पाठवा. मग रोज एक कमांड बाहेर काढा. आम्ही सुरुवात काढपासून केली. पहिल्या दिवशी तिच्या ऑप्शन्सच्या यादीत काहीच नव्हतं, आणि टिपण काढ १२ --ड्राय-रन असं टाइप केल्यावर टूलने अनोळखी ऑप्शन म्हणून नकार दिला, कोड २ दिला, नोंद जागेवर राहिली. दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यानेच काढच्या फाइलमध्ये ड्राय-रन लिहिला. बाकीच्या एकाही फाइलला त्याला हात लावावा लागला नाही.